ग्रँटचा कागद टिकला, शर्मनचा आठवड्याभरात फाटला, असं का झालं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकन यादवीच्या (गुलामगिरी असलेली दक्षिणेची बंडखोर राज्यं विरुद्ध उत्तर) शेवटी, ९ एप्रिल १८६५ ला अ‍ॅपोमॅटॉक्स गावात उत्तरेच्या ग्रँटने दक्षिणेच्या लीला एकदम सौम्य अटी दिल्या, सैनिकांना घोडेसुद्धा घरी नेऊ दिले, आणि सगळ्यांनी त्याची वाहवा केली. मग नऊ दिवसांनी उत्तरेच्याच शर्मनने दक्षिणेच्या दुसऱ्या फौजेच्या जॉन्स्टनला तशाच सौम्य अटी दिल्या तर वॉशिंग्टनमध्ये त्याला जवळजवळ गद्दार का ठरवलं? आणि दुसरा भाग असा की पुढे दक्षिणेत काळ्या लोकांचे जे हाल झाले त्याचं मूळ या मऊ अटींतच आहे का?

मी पायदळात नोकरी केलीये, नंतर तरुण अधिकाऱ्यांना युद्धइतिहास शिकवलाय, आणि नियंत्रण रेषेवर फ्लॅग मीटिंगच्या (दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांच्या बैठकीच्या) टेबलावरही बसलोय, त्यामुळे मी हे प्रकरण 'कोण किती उदार' या बाजूने बघतच नाही. उदार दोघंही होते. फरक इथे आहे की ग्रँटने जे दिलं ते त्याच्या हातात होतं आणि शर्मनने जे दिलं ते त्याच्या हातात नव्हतं. समोरची फौज तुमची, तिचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. त्या फौजेमागचं सरकार, कोर्ट, मालमत्ता, मतदान हे तुमचं नाही. बोलायला सोपं आहे, पण टेबलावर बसलात की समोरचा माणूस नेमका तुम्हाला तिकडेच ओढतो, कारण फौज तर तो हरलेलाच असतो, आता जे काही वाचवायचं ते राजकारणातच वाचवायचं असतं. फ्लॅग मीटिंगला जाण्याआधी वरून काय बोलायचं यापेक्षा काय बोलायचं नाही याचीच ब्रीफिंग जास्त असते, ती उगीच नसते.

आता ग्रँटला हे आपोआप सुचलं असं कुणी समजू नये. त्याला मार्चमध्येच चपराक बसली होती. झालं काय, फेब्रुवारी १८६५ मध्ये उत्तरेचा जनरल ऑर्ड आणि दक्षिणेचा लाँगस्ट्रीट कैद्यांच्या वगैरे कामासाठी दोन्ही फौजांच्या मधल्या जागेत भेटले. जुने मित्र, गप्पा वाढत गेल्या, आणि ऑर्डने कल्पना काढली की राजकारण्यांना जमत नाही तर आपण जनरल लोकच का मिटवू नये, अगदी बायकांनी एकमेकींकडे भेटीला जावं, मिसेस ग्रँट दक्षिणेच्या राजधानीत रिचमंडला, मिसेस लाँगस्ट्रीट इकडे, म्हणजे वातावरण निवळेल. (लाँगस्ट्रीट हा ग्रँटच्या बायकोच्या नात्यातलाच, त्यामुळे ऐकायला वाटतं तितकं हे वेडगळ नव्हतं.) त्यावरून २ मार्चला लीने ग्रँटला पत्र लिहिलं की आपण भेटून 'लष्करी करारा'ने हे भांडण मिटतंय का बघू. ग्रँटने सरळ वर विचारलं. ३ मार्चला उत्तराची तार आली, सही युद्धमंत्री स्टँटनची, पण मजकूर खुद्द राष्ट्राध्यक्ष लिंकनचा: लीशी भेट फक्त त्याच्या फौजेच्या शरणागतीसाठी किंवा किरकोळ निव्वळ लष्करी कामासाठी घ्यायची, राजकीय प्रश्नावर ठरवायचं नाही, चर्चासुद्धा करायची नाही, ते प्रश्न राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या हातात ठेवतात. ही तार लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर फिरतं.

एप्रिलमध्ये पीटर्सबर्गचा नऊ महिन्यांचा वेढा फुटला, रिचमंड पडलं, आणि ली आपली फौज घेऊन पश्चिमेला निघाला. अमीलिया कोर्ट हाउसला राशनची ट्रेन मिळेल म्हणून पोचला तर तिथे दारूगोळा होता, खायला नव्हतं. दाणागोटा शोधण्यात एक दिवस गेला आणि तो एक दिवसच नडला. ६ तारखेला सेलर्स क्रीकला त्याची जवळपास पाव फौज गेली, बरेचसे जिवंत पकडले गेले, त्यात त्याचा स्वतःचा मुलगा कस्टिस ली पण होता.

७ तारखेला संध्याकाळी फार्मव्हिलवरून ग्रँटने पहिलं पत्र पाठवलं. पुढच्या दोन दिवसांतली ही पत्रं मी शिकवताना ओळ न ओळ वाचून घ्यायचो, कारण वाटाघाटी खरं तर तिथेच झाल्या, त्या प्रसिद्ध खोलीत नाही. ग्रँट म्हणतो, आता पुढच्या रक्तपाताची जबाबदारी माझ्यावर नको म्हणून तुमच्या फौजेची शरणागती मागतो. लीने ते लाँगस्ट्रीटला दाखवलं, तो म्हणाला, 'एवढ्यात नाही.' लीने उत्तर दिलं की परिस्थिती हताश आहे हे मला मान्य नाही, पण तुमच्या अटी काय ते कळवा. म्हणजे दार किलकिलं केलं. ८ तारखेला ग्रँटने कळवलं की एकच अट, शरण आलेल्यांनी कैद्यांची रीतसर अदलाबदल होईपर्यंत पुन्हा शस्त्र धरायचं नाही. आणि वर एक फार हुशारीची गोष्ट केली, म्हणाला की भेटीसाठी तुम्ही स्वतःच यायला पाहिजे असं नाही, तुम्ही नेमाल त्या अधिकाऱ्यांना मी भेटीन. म्हातारा माणूस आहे, मान खाली घालायला नको, हे न बोलता सांगितलं. लक्षात घ्या, हाच ग्रँट १८६२ ला फोर्ट डोनेल्सनला, ज्याने कधीकाळी अडचणीत पैशाची मदत केली होती त्या बकनरला, 'बिनशर्त आणि ताबडतोब' म्हणून मोकळा झाला होता. म्हणजे कडक होता येत नव्हतं म्हणून मऊ झाला असं अजिबात नाही.

लीचं ८ तारखेचं उत्तर बघा. शरणागतीचा माझा प्रस्ताव नाही, तेवढी वेळ आलेली नाही, पण 'शांतता पुन्हा प्रस्थापित करण्याच्या' दृष्टीने तुमचा प्रस्ताव काय परिणाम करेल यावर उद्या सकाळी दहाला भेटू. झालं. फौजेवरून विषय शांततेवर नेला. ग्रँटची भेटायची इच्छा किती असेल विचार करा, चार वर्षांचं युद्ध संपायला आलंय, पण त्या रात्री डोकं इतकं दुखत होतं की पाय गरम पाण्यात घालून आणि मानेला मोहरीचा लेप लावून बसला होता, आणि तशा अवस्थेत सकाळी उत्तर लिहिलं: शांततेच्या विषयावर बोलायचा मला अधिकार नाही, दहाच्या भेटीने काही साध्य होणार नाही, पण दक्षिणेने शस्त्रं खाली ठेवली की शांतता लगेच येईल. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात अवघड पत्र हेच. नाही म्हटलं, दार बंद पण केलं नाही.

तोपर्यंत ८ च्या संध्याकाळी उत्तरेच्या जनरल कस्टरच्या घोडदळाने अ‍ॅपोमॅटॉक्स स्टेशनवर लीच्या राशनच्या गाड्या पकडल्या होत्या. ९ ला पहाटे लीचा जनरल गॉर्डनने फोडून निघायचा शेवटचा प्रयत्न केला, घोडदळ बाजूला झालं आणि मागे ऑर्डचं पायदळ उभं, रात्रभर चालून आलेलं, त्यात काळ्या सैनिकांच्या रेजिमेंट्सही होत्या. संपलं.

आता एक गोष्ट जी लोक नेहमी गाळतात. त्या सकाळी लीचा तोफखान्याचा अधिकारी पोर्टर अलेक्झांडर म्हणाला, शरण कशाला जायचं, सैनिकांना जंगलात पांगवू, आपापल्या राज्याच्या गव्हर्नरकडे हत्यारासकट जातील. म्हणजे गनिमी युद्ध. लीने झिडकारलं. म्हणाला, यांच्याकडे राशन नाही, शिस्त राहणार नाही, लुटून खातील, शत्रूचं घोडदळ मागे लागेल आणि देश सावरायला वर्षं लागतील. ग्रँटलाही याचीच धास्ती होती आणि शर्मनलाही. यादवीत हरलेली फौज परत जायला दुसरा देश नसतो, ती तिथेच विरघळणार असते, मग ती शेतकरी म्हणून विरघळते की टोळ्या म्हणून, हे शरणागतीच्या कागदावर ठरतं. सौम्य अटींचं खरं कारण हे. मन मोठं वगैरे असेल, पण त्याच्या आधी हा हिशेब आहे.

पांढरं निशाण दिसल्यापासून करार होईपर्यंतचे दोन-चार तास सगळ्यात धोक्याचे असतात, हे कुठल्याही फौजीला विचारा. इथेही तेच. निशाण म्हणून एक पांढरा टॉवेल होता. लीची भेटीची चिठ्ठी ग्रँटला शोधत फिरतेय, ग्रँट रस्त्यात कुठेतरी घोड्यावर, मागून उत्तरेच्या जनरल मीडची फौज पुढे सरकतेच आहे कारण तिला थांबायचा हुकूम नाही, उत्तरेच्या घोडदळाचा प्रमुख शेरीडन याला वाटतंय की हा डाव आहे, आणि पंचविशीतला कस्टर सरळ लाँगस्ट्रीटकडे जाऊन दम देतो की शेरीडनच्या नावाने ताबडतोब शरण या. लाँगस्ट्रीटने त्याला झापून परत पाठवला, फौजेचा सेनापती मी नाही आणि तू शत्रूच्या हद्दीत विनापरवाना आलायस म्हणून. एक गोळी चुकून सुटली असती तर इतिहास वेगळा झाला असता. शेवटी मीडने स्वतःच्या जबाबदारीवर थोडा वेळ युद्धविराम दिला. चिठ्ठी दुपारच्या सुमारास ग्रँटला मिळाली, तो स्वतः लिहितो की ती वाचताक्षणी डोकेदुखी गेली.

जागा शोधायचं काम लीचा स्टाफ ऑफिसर मार्शलकडे. त्याला गावात विल्मर मॅक्लीन भेटला, आणि हा योगायोग खराच आहे, याचं आधीचं घर बुल रनला होतं जिथे १८६१ ची पहिली मोठी लढाई झाली, त्या भागातून निघून तो इथे आला होता. त्याच्याच दिवाणखान्यात ली नव्याकोऱ्या गणवेशात, कमरेला तलवार. ग्रँट चिखलाने माखलेला, साध्या शिपायाचा कोट, फक्त खांद्यावर हुद्द्याच्या पट्ट्या. ग्रँट मेक्सिको युद्धाच्या आठवणीत रमला तर लीनेच मुद्द्यावर आणलं, म्हणाला, अटी लिहून द्या.

आणि ग्रँटने तिथल्या तिथे स्वतःच्या हाताने लिहिल्या. सैनिकांच्या याद्या दोन प्रतींत, अधिकारी स्वतःचा पॅरोल (पुन्हा लढणार नाही हा लेखी शब्द) देतील, कंपनी कमांडर आपल्या माणसांचा देईल, हत्यारं, तोफा आणि सरकारी मालमत्ता जमा, अधिकाऱ्यांची कमरेची हत्यारं, खाजगी घोडे आणि सामान सोडून. लीने वाचताना एका वाक्यात शब्द राहिलाय म्हणून दाखवलं, 'अदलाबदल होईपर्यंत' मधला 'अदलाबदल' हाच शब्द सुटला होता, तो घातला. हरलेला सेनापती आपल्याच शरणागतीच्या कागदाचं प्रूफ तपासतोय, आणि बरोबर तपासतोय, कारण तो शब्द नसता तर पॅरोलला शेवटच नव्हता.

मग घोडे. ली म्हणाला, आमच्याकडे घोडदळाचे आणि तोफखान्याचे साधे सैनिकसुद्धा स्वतःचे घोडे आणतात, तुमच्यासारखं नाही. ग्रँट म्हणाला, लिहिलंय त्यात फक्त अधिकाऱ्यांचेच बसतात. लीने पुन्हा वाचून कबूल केलं, हो, बसत नाहीत, आणि गप्प राहिला. मागितलं नाही त्याने. ग्रँटनेच विचार करून सांगितलं की हे बहुतेक छोटे शेतकरी असणार, घोड्याशिवाय पुढच्या हिवाळ्यापर्यंत पोट भरेल एवढं पेरणार कसे, तर मी कागद बदलत नाही पण माझ्या अधिकाऱ्यांना सांगतो की जो म्हणेल माझा घोडा, माझं खेचर, त्याला नेऊ द्या. एप्रिल महिना, पेरणीचे दिवस. कागद बदलला नाही हे महत्त्वाचं. कागद वरच्या लोकांसमोर जाणार, त्यावर वाद होणार. तोंडी हुकूम खालच्या अधिकाऱ्याला लगेच लागू होतो. हे असं करायला अनुभव लागतो.

राशनचंही तसंच. ली म्हणाला माझ्याकडे तुमचे हजारेक कैदी आहेत, त्यांना द्यायला भाजलेल्या मक्यापलीकडे काही नाही, माझ्या माणसांनाही नाही. किती माणसं, ते त्याला सांगता येईना. ग्रँटने विचारलं, पंचवीस हजार राशन पुरेल? ली म्हणाला भरपूर. शेवटी पॅरोल मिळालेल्यांचा आकडा २८ हजारांच्या आसपास गेला.

अटींची पक्की प्रत ग्रँटचा स्टाफ ऑफिसर ईली पार्करने शाईने लिहिली. हा सेनेका जमातीचा, म्हणजे मूळ अमेरिकन, अक्षर सुंदर. घरातली दौत नीट चालेना म्हणून मार्शलने आपल्या खिशातली लाकडी दौत दिली. म्हणजे दक्षिणेच्या शरणागतीची प्रत दक्षिणेच्याच शाईत. आणि पुढचे दोन-तीन दिवस गावातल्या टॅव्हर्नमध्ये छापखाना लावून रात्रंदिवस पॅरोलच्या चिठ्ठ्या छापल्या. आता ही चिठ्ठी काय करायची ते बघा: ती खिशात असली की सैनिकाला रस्त्यात उत्तरेच्या ठाण्यांवर राशन मिळायचं, रेल्वे-बोटीने जाता यायचं, कुणी पळपुटा म्हणून धरायचं नाही. माणूस चिठ्ठी मिळेपर्यंत थांबायला तयार झाला कारण थांबण्यात त्याचा फायदा होता. याला म्हणतात स्टाफ वर्क. शरणागतीची चित्रं काढणारे नेहमी दोन सेनापती आणि हात मिळवणी काढतात, छापखाना कुणी काढत नाही.

आता ग्रँटच्या कागदातलं शेवटचं वाक्य. प्रत्येक अधिकारी आणि सैनिक घरी जाईल, आणि जोवर तो पॅरोल आणि तिथले कायदे पाळतो तोवर अमेरिकन सरकारचे अधिकारी त्याला त्रास देणार नाहीत. हे लष्करी आहे की राजकीय? प्रामाणिकपणे सांगायचं तर सीमारेषेवर आहे, किंबहुना एक पाऊल पलीकडेच. देशद्रोहाचे खटले चालवायचे की नाही हा सरकारचा प्रश्न, आणि याने एका वाक्यात तो जवळजवळ मिटवला. पण कसा, तर पॅरोलच्या कलमाच्या शेपटाला बांधून, लष्करी बाबीचा भाग म्हणून. जून १८६५ मध्ये नॉरफोकच्या ग्रँड ज्युरीने लीवर देशद्रोहाचा आरोप ठेवलाच, लिंकननंतरचा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यालाही ते हवंच होतं, तेव्हा ग्रँट अडून बसला: माझा शब्द दिलाय, मोडणार असाल तर मी राजीनामा देतो. खटला तिथेच थंडावला. लिंकनचा तोवर खून झाला होता, युद्धखातं खवळलेलं होतं, तरी ते वाक्य टिकलं.

आता शर्मनकडे येऊ.

शर्मन नॉर्थ कॅरोलायनात रॉलीला, समोर जॉन्स्टन. १७ एप्रिलला सकाळी शर्मन भेटीला जायला ट्रेनमध्ये चढतोय तेवढ्यात तारवाला धावत आला, सांकेतिक भाषेत महत्त्वाची तार येतेय, थांबा. तार लिंकनच्या खुनाची. शर्मनने तारवाल्याला बजावलं, मी परत येईपर्यंत कुणाला बोलायचं नाही, कारण फौजेला कळलं तर ती रॉली शहर जाळेल अशी त्याला भीती होती. डरहमजवळ जेम्स बेनेट नावाच्या साध्या शेतकऱ्याच्या घरात दोघं बसले, एकटे असताना शर्मनने ती तार जॉन्स्टनच्या हातात दिली. शर्मन लिहितो की जॉन्स्टनच्या कपाळावर घामाचे थेंब आले. बरोबरच आहे, आता सूडाची लाट येणार हे दोघांनाही कळत होतं.

आणि इथेच शर्मनची दिशा बदलली असं माझं मत. एक फौज पकडून काय होणार, सगळ्या फौजा एकदम, पोटोमॅकपासून रिओ ग्रांदपर्यंत, एका सहीत संपवू. जॉन्स्टनने ते गाजर दाखवलं आणि शर्मनने घेतलं. अधिकार कुणाचा? तर दुसऱ्या दिवशी जॉन्स्टन ब्रेकिनरिजला घेऊन आला, हा दक्षिणेचा युद्धमंत्री, आधीचा अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष. शर्मन म्हणाला दक्षिणेच्या मंत्र्याशी मी बोलणार नाही, तर म्हणे तो मेजर जनरलपण आहे, त्या नात्याने बसू दे. बसला. खरं सांगायचं तर तिथेच उठायला हवं होतं. टोपी बदलली म्हणून माणूस बदलत नाही. दक्षिणेचा पोस्टमास्तर जनरल रीगन याने मसुदा करून पाठवला होता, तो शर्मनला पसंत पडला नाही म्हणून त्याने स्वतः लिहायला घेतलं, आणि जे लिहिलं ते असं: दक्षिणेच्या फौजा आपापल्या राज्यांच्या राजधानीत जाऊन हत्यारं राज्याच्या शस्त्रागारात ठेवतील, तिथल्या राज्य सरकारांना शपथ घेतली की मान्यता, फेडरल कोर्टं पुन्हा सुरू, लोकांचे राजकीय हक्क आणि मालमत्तेचे हक्क शाबूत, आणि सगळ्यांना माफी. गुलामगिरीचा उल्लेख नाही. आता ज्या समाजात कालपर्यंत माणसंच मालमत्ता होती तिथे 'मालमत्तेचे हक्क शाबूत' म्हणजे काय, हे विचारायला वकील लागत नाही.

शर्मनच्या बाजूने दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, मार्चअखेर सिटी पॉइंटला बोटीवर तो लिंकनला भेटला होता आणि लिंकनला सौम्यपणा हवाय हे त्याने स्वतः ऐकलं होतं. लिंकनने एप्रिलच्या सुरुवातीला व्हर्जिनियाच्या विधिमंडळाला जमायची परवानगी दिली हेही त्याला कळलेलं, पण नंतर ती मागे घेतली हे मात्र कळलेलं नव्हतं. दुसरं म्हणजे ती ३ मार्चची तार त्याला कुणी पाठवलीच नव्हती, ती ग्रँटला होती. हे मुख्यालयाचं पाप आहे, शंभर टक्के. पण तरीही राज्य सरकारांना मान्यता देणं हे आपलं काम नाही हे कळायला तार लागायला नको. आणि त्याने एक शहाणपण मात्र केलंच, कागदावर लिहून ठेवलं की हे वरून मंजूर व्हायला हवं, आणि तोपर्यंत युद्धविराम, तो मोडायचा तर अठ्ठेचाळीस तासांची नोटीस.

२१ एप्रिलला वॉशिंग्टनमध्ये कॅबिनेटने एकमुखाने फेटाळलं. लिंकनला गाडायचेच होते अजून, शहरात काळे पडदे, आणि टेबलावर बंडखोरांना माफी देणारा कागद, विचार करा कसं दिसलं असेल. स्टँटनने तर फेटाळण्याची कारणं वर्तमानपत्रात छापून आणली, आणि असंही सुचवलं की शर्मनमुळे दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिस सोनं घेऊन पळू शकेल. उत्तरेचा जनरल हॅलेकने फौजांना कळवलं की शर्मनचा युद्धविराम जुमानू नका. शर्मन हे कधीच विसरला नाही, २४ मेच्या विजयसंचलनात सगळ्यांसमोर स्टँटनचा पुढे आलेला हात त्याने घेतला नाही.

ग्रँटने मात्र हे ज्या पद्धतीने निस्तरलं ते बघण्यासारखं आहे. त्याला हुकूम होता की जा आणि सूत्रं हातात घे. तो गाजावाजा न करता रॉलीला गेला, शर्मनला सांगितलं की नोटीस दे आणि माझ्या अ‍ॅपोमॅटॉक्सच्या अटींवर शरणागती घे, आणि स्वतः मागेच थांबला. २६ तारखेच्या बेनेटच्या घरातल्या बैठकीला तो गेलाच नाही. मातहताची चूक त्याच्याच हातून दुरुस्त करून घेतली, त्याच्या फौजेसमोर त्याला लहान केलं नाही.

तिथे जॉन्स्टन अडला. का? मान-अपमान नव्हे. म्हणाला, माझी माणसं शेकडो मैल चालत जाणार, राशन-वाहतूक नसेल तर वाटेत लुटतील, आणि हत्यार नसेल तर वाटेत लुटले जातील. अगदी रास्त मुद्दा. तोडगा काढला स्कोफिल्डने, शर्मनचा मातहत, पुढे तोच त्या भागाचा कमांडर राहणार होता. म्हणाला, मुख्य कागद ग्रँटसारखाच साधा ठेवू, त्यावर वॉशिंग्टनला बोलायला जागाच नको, आणि बाकीचं अंमलबजावणीच्या पुरवणीत घालू. पुरवणीत काय? फौजेच्या गाड्या आणि जनावरं घरी जाईपर्यंत आणि नंतर शेतीसाठी उसनी. प्रत्येक ब्रिगेडने संख्येच्या एक सप्तमांश हत्यारं राज्याच्या राजधानीपर्यंत जवळ ठेवायची. खाजगी घोडे ज्याचे त्याला. टेक्सास-अर्कान्सासवाल्यांना बोटीची सोय. कॅरोलायना, जॉर्जिया, फ्लोरिडा मिळून ८९ हजारांवर माणसं या कागदाखाली आली, अ‍ॅपोमॅटॉक्सच्या तिप्पट.

हरलेल्याच्या हातात थोडी हत्यारं ठेवायची ही गोष्ट नागरी वाचकाला विचित्र वाटते. आपल्याकडचंच बघा, डिसेंबर १९७१ ला ढाक्यात नियाझीने सही केल्यावरही पाकिस्तानी सैनिकांकडे काही दिवस हत्यारं राहू दिली, कारण आपली पुरेशी फौज शहरात पोचली नव्हती आणि लोक त्यांना फाडून खायला बसले होते. शरणागती घेतलीत की त्या माणसांचा जीव ही तुमची जबाबदारी होते.

आणि अधिकाराबाहेर जाऊन अटी देणारा शर्मन पहिला नाही. जून १८१८ मध्ये अशीरगडाजवळ धुळकोटला दुसऱ्या बाजीरावाने ईस्ट इंडिया कंपनीच्या माल्कमपुढे शरणागती पत्करली तेव्हा माल्कमने वर्षाला आठ लाख रुपये पेन्शन कबूल करून टाकलं. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला ते फार वाटलं, नाराज झाला, पण शब्द पाळला. (ती यादवी नव्हे, हे मान्य, पण टेबल तेच.) फरक हा की माल्कमने पैसे दिले, राज्य परत दिलं नाही. पैसे वरच्याला गिळता येतात, सत्ता नाही गिळता येत.

जॉन्स्टनबद्दल एक राहिलं. डेव्हिसने त्याला हुकूम दिला होता की पायदळ मोडून टाक आणि घोडदळ घेऊन पळून ये. त्याने तो सरळ मोडला. लीने निदान फक्त स्वतःच्या फौजेपुरतं केलं, दुसऱ्या दिवशी ग्रँटने घोड्यावर बसल्या बसल्या विनवलं की बाकीच्यांनाही सांग, तर म्हणाला डेव्हिसना विचारल्याशिवाय नाही. कागदोपत्री ली सगळ्या फौजांचा सरसेनापती होता तरी. त्यामुळे बाकीच्या फौजा एकेक करून शरण आल्या, मेमध्ये टेलर, मग कर्बी स्मिथ, आणि २३ जूनला चेरोकींचा स्टँड वाटी. जॉन्स्टनने मात्र सरकारचा हुकूम मोडून ९० हजारांच्या आसपास माणसं घरी पाठवली, आणि त्याची आठवण कुणी काढत नाही.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, मऊ अटींमुळे पुढचे अत्याचार झाले का. बरेच अभ्यासक तसं म्हणतात, आणि मॅक्लीनच्या दिवाणखान्यात चाळीस लाख मुक्त झालेल्या गुलामांच्या वतीने बोलणारं कुणी नव्हतं हे खरंच आहे. पण ग्रँटचा कागद परत वाचा. त्यात कुणाला जमीन नाही, पद नाही, मतदानाचा हक्क नाही, राज्य सरकार नाही. फक्त घरी जा आणि कायदे पाळा. कायदे कोणते, ते करायला वॉशिंग्टन मोकळं होतं. पुढे जे दिलं गेलं ते जॉन्सनने दिलं: २९ मेची बहुतेकांना माफी, मग मोठमोठ्या मळेवाल्यांना एकेक करून वैयक्तिक माफ्या, आणि नव्या राज्य सरकारांनी त्याच वर्षी काळ्या लोकांना बांधून टाकणारे कायदे केले. फौज पण झपाट्याने घरी गेली, मेमध्ये दहा लाखांवर असलेल्या फौजेतले आठ लाखांवर लोक नोव्हेंबरपर्यंत कमी केले, मग ते कायदे मोडून काढायला जागेवर होतं कोण? शर्मनने स्वतः जानेवारी १८६५ मध्ये किनाऱ्यावरची जप्त जमीन चाळीस-चाळीस एकरांचे तुकडे करून मुक्त झालेल्या कुटुंबांना वाटायचा हुकूम काढला होता, आणि त्याच शर्मनने एप्रिलमध्ये जुन्या मालकांच्या मालमत्तेची हमी देणारा कागद लिहिला. दोन्ही एकत्र चालूच शकत नव्हते. कॅबिनेटने एप्रिलमध्ये तो कागद फाडला, आणि वर्ष संपायच्या आत जॉन्सनने बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत करायला लावली.